हरणी गाय आणि सुमनवहिनींची बाटली

माझ्या नोकरीच्या काळात माझ्या हातून एका गायीचा सत्कार झाला आणि एका बाईचा अपमान. दोन्ही भर लोकांत झाले आणि दोन्ही चुकीचे होते. गायीला त्याचं काही वाटलं नसावं. तिने सत्काराचा हार तिथंच खाऊन टाकला. बाईंचं तसं नव्हतं.

हे लिहू का म्हणून मागच्या महिन्यात मी त्या बाईंना, म्हणजे सुमनवहिनींना, विचारायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "लिहा की भाऊ. पण गायीचं नाव बदला. तिची काय चुकी?" म्हणून इथे गायीचं नाव हरणी ठेवलं आहे. माझं नाव बदला असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

एक्क्याऐंशी साली मी केदारखेड्याच्या पलीकडच्या एका गावात, दूध संकलन केंद्रावर टेस्टर म्हणून लागलो. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सकाळ-संध्याकाळ गावकरी कॅन, किटल्या, तांबे घेऊन रांगेत उभे राहतात. टेस्टर प्रत्येकाचं दूध तपासतो, मापतो आणि मोठ्या कॅनमध्ये ओततो. मग जालन्याहून गाडी येते आणि दूध घेऊन जाते. तपासणी तीन प्रकारची. पहिली नाकाची. झाकण उघडायचं आणि वास घ्यायचा. आंबूस, धुरकट, भांडं नीट न घासल्याचा, सगळे वास निराळे असतात. दुसरी लॅक्टोमीटरची. ही काचेची नळी दुधात सोडली की तरंगते. दुधात पाणी असेल तर जास्त बुडते. ती जो आकडा दाखवते त्याला आम्ही 'डिग्री' म्हणतो. तिसरी फॅटची. त्यात दुधात अ‍ॅसिड घालून नळ्या हाताच्या यंत्रात गरगरा फिरवायच्या. त्या अ‍ॅसिडचे थेंब उडून माझ्या सगळ्या शर्टांना पोटावर बारीक भोकं पडली होती. बायको म्हणायची, "चाळणी घालून जाऊ राह्यले का कामाला?"

गावात मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नसे. मी 'डिग्रीभाऊ'. आणि या डिग्रीभाऊचा शब्द केवढा वजनदार होता याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. लग्न जमवायला परगावची माणसं आली की मुलीच्या घरी जाण्याआधी माझ्याकडे यायची. कोपऱ्यात घेऊन विचारायची, "भाऊ, त्यांच्या दुधाची डिग्री कशी असती?" दुधात पाणी न घालणारं घर म्हणजे सरळ घर. माझ्या एका 'बराबर हाय'वर तीन लग्नं झाली. तिघांचेही संसार अजून टिकून आहेत, आणि त्यातल्या एका घरच्या दुधात आता पाणी असतं.

एवढा मान पंचविशीतल्या माणसाला मिळाला की त्याचं काय होतं ते पुढे येईलच.

त्या काळी, आणि अजूनही, आमच्याकडे एक पद्धत आहे. आईच्या अंगावरचं दूध कमी पडलं आणि बाळाला वरचं दूध लावायची वेळ आली, तर ते एकाच गायीचं लावायचं. दहा घरचं मिसळलेलं दूध बाळाला द्यायचं नाही. मग ती गाय कोणती, हा प्रश्न येतो. आमच्या गावात तो माझ्याकडे यायचा. मी गायीचं वेत, म्हणजे ती कितव्यांदा व्यालेली, ते बघायचो, चारा बघायचो, डिग्री आणि फॅट बघायचो आणि गाय ठरवून द्यायचो. हे काम माझ्या नेमणूकपत्रात नव्हतं, पण मला त्याचा सगळ्यात जास्त अभिमान होता.

केशरकाकूंच्या घरी पहिली नात झाली, तेव्हा काकू स्वतः केंद्रावर आल्या. नातीचं नाव मनी. तिच्या आईला, सुमनवहिनींना, बाळंतपणानंतर टायफाइड झाला होता आणि त्यात दूध आटलं होतं. मनीचे वडील अंकुशनगरला साखर कारखान्यावर, ते सुटीला यायचे. घरात सासू, सून आणि तीन महिन्यांची मनी. दारात म्हैस होती, पण म्हशीचं दूध बाळाला जड.

"डिग्रीभाऊ," काकू म्हणाल्या, "अशी गाय दे की लेकरू गुटगुटीत झालं पाहिजे."

मी पहिली गाय दिली. चार दिवसांत मनीला जुलाब सुरू झाले. गालांवर लाल चट्टे, दूध प्यायलं की उलटी, आणि पोट धरून रडणं. मी जाऊन गाय पाहिली. ती सरकी खात होती. "सरकीनं दूध उष्ण पडलं," मी निकाल दिला आणि गाय बदलली. दुसरी गाय लसूणघासावर होती. मनीचं पोट तसंच, तेव्हा दोष घासाला दिला. तिसऱ्या गायीचा मालक धार काढताना बिडी ओढायचा. मी त्याला म्हणालो, "बिडीचा धूर दुधात उतरू राह्यला." त्याने बिडी सोडली. मनीला काही फरक पडला नाही, पण त्याची बायको मला अजून दुवा देते. मध्ये एक शेळीही येऊन गेली. तिचंही जमलं नाही. चौथी गाय पिठाच्या गिरणीशेजारी बांधलेली होती. गिरणीच्या आवाजाने गाय चिडते आणि चिडक्या गायीचं दूध लेकराला चिडकं करतं, असं मी लोकांना समजावून सांगितलं. लोकांनी ते मान डोलावून ऐकलं. मला आता ते आठवलं की एकटा असलो तरी लाज वाटते.

मनी मात्र वाळत चालली होती. तिच्या हातातली काळी मण्यांची मनगटी कोपरापर्यंत सरकायची.

एका सकाळी सुमनवहिनी रांगेत आल्या. एका हातात म्हशीच्या दुधाची किटली, दुसऱ्या हातात मनीची बाटली. त्यांचा नंबर आला, तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं, "भाऊ, एक बोलू का? गाय बदलून उपेग न्हाई. तिला दूधच सोसत न्हाई. दूध पोटात गेलं की घडीभरात चट्टे उठतेत, अन् मंग पोट. ज्या दिवशी गाय आटली म्हणून नुसतं मुगाचं पाणी पाजलं, त्या दिवशी लेकरू शांत झोपलं."

मी मोठ्याने हसलो. "वैनी, दूध सोसत न्हाई असं लेकरू अजून जन्माला आलं न्हाई. देवाला बी दुधाचाच नैवेद्य चालतो."

"देवाला जुलाब होत न्हाईत, भाऊ," त्या म्हणाल्या.

रांग खदखदून हसली. माझ्यावर. चार वर्षांत त्या रांगेत माझ्यावर कुणी हसलं नव्हतं.

"बाटली आणा इकडं," मी म्हणालो. रबरी बूच काढलं. कॅनचा घेतो तसा बाटलीचा दीर्घ वास घेतला. सगळी रांग माझ्या नाकाकडे बघत होती. मी मान हलवली, बूच लावलं आणि बाटली परत दिली.

"गाय बदलायची गरज न्हाई, वैनी. बाटली धुवत जा अन् हात धुवत जा, तेवढं बस झालं."

रांग पुन्हा हसली. या वेळी माझ्या बाजूने. सुमनवहिनींनी बाटली पदराखाली घेतली, किटली तशीच ठेवली आणि निघून गेल्या. त्या किटलीतलं दूध मी तपासलं, चांगलं निघालं, आणि मोठ्या कॅनमध्ये ओतलं.

डिग्रीभाऊच्या नाकाने दिलेला निकाल गावात दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत झाला. त्या दिवसापासून सुमनवहिनींच्या हातचं खायला बायका बिचकू लागल्या. सवाष्ण म्हणून बोलावलं तर त्यांना पीठ भिजवायला कुणी देईना. पाण्याचा तांब्या त्यांनी पुढे केला, तर समोरची म्हणायची, "आत्ताच पिऊन आले." गंमत अशी की त्यांच्याच हातचं म्हशीचं दूध आम्ही रोज घेऊन जालन्याला पाठवत होतो. त्याला कुणाची हरकत नव्हती.

केशरकाकूंनी बाटलीचं काम सुनेकडून काढून स्वतःकडे घेतलं. तरी मनीचं पोट सुधारलं नाही. यावरून काय निष्कर्ष निघतो हे शाळेतलं लेकरूही सांगेल. मी काढलेला निष्कर्ष होता, पाचवी गाय.

ही हरणी. शेषराव नावाच्या शेतकऱ्याची तांबूस, शांत, पहिल्या वेताची गाय. शेषराव माणूस गरीब स्वभावाचा. गायीला बोलतानाही 'अहो' म्हणेल असा. हरणीचं दूध सुरू झालं, आणि पंधरा दिवसांत मनीचे जुलाब थांबले. महिन्यात गालावरचे चट्टे गेले. दोन महिन्यांत मनगटी पुन्हा मनगटावर आली.

मी काय केलं असेल? सगळ्या गावाला सांगितलं. केंद्राच्या फळ्यावर, जिथे मी रोजचे फॅटचे आकडे लिहायचो तिथे, रंगीत खडूने लिहिलं: 'हरणीचे दूध, बाळासाठी उत्तम.' मग काय विचारता! आसपासच्या गावांतून किरकिऱ्या लेकरांना घेऊन आया येऊ लागल्या. हरणी दूध द्यायची ती पाच-सहा लिटर. शेषराव दारात तांब्या-पळी घेऊन बसायचा आणि तीर्थासारखं पळी-पळी दूध वाटायचा. काही लेकरं बरी झाली. लहान लेकरांचं पोट आठवड्याभरात आपलं आपणही सुधारतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा ते सगळं हरणीच्या खात्यावर पडलं आणि थोडं माझ्या. शेषराव हळूहळू बदलला. शर्टाला इस्त्री करायला लागला. एकदा मी हरणीची डिग्री तपासतो म्हटलं, तर म्हणाला, "हरणीची कामून? दुसऱ्यांच्या तपासा."

दिवाळी आली. वसुबारसेला गायवासराची पूजा असतेच. आमच्या चेअरमननी ठरवलं की या वर्षी केंद्राच्या वतीने हरणीचा जाहीर सत्कार करायचा. दुपारी चारची वेळ ठरली. मंडप, माइक, हरणीला नवी झूल, शिंगांना बेगड. मनीला काकूंनी कडेवर आणलं होतं; दहा महिन्यांची, गोबरी, काजळ घातलेली. मी भाषण केलं. भाषणाच्या शेवटी मला स्फूर्ती आली. मी शेषरावला म्हणालो, "काढा थोडी धार." काकूंनी मनीसाठी आणलेल्या वाटीत दूध घेतलं, तिथंच चहाच्या स्टोव्हवर उकळून निववलं, आणि काकूंच्या कडेवरून मनीला माझ्याकडे घेतलं. हरणीच्या दुधावर वाढलेलं लेकरू हरणीसमोर हरणीचं दूध पिणार, असा तो देखावा होता.

बायकांतून सुमनवहिनी उठल्या. "भाऊ, नका! आज बारस हाय. आज गायीचं दूध चालत न्हाई!"

मागून केशरकाकूही तेच म्हणाल्या, त्याही घाईघाईने. "अरे डिग्रीभाऊ, खरंच रे! बारसंला गायीचं दूध खात न्हाईत!"

ही पद्धत खरीच आहे. बाया त्या दिवशी गायीचं दूध वर्ज्य करतात. पण मी माइकवर होतो. "लेकराला उपास नसतो," मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनीला दोन चमचे दूध पाजलं.

टाळ्या थांबायच्या आधी तिने पहिली उलटी केली, माझ्या भोकांच्या शर्टावर. मग माझ्या हातातच तिच्या अंगावर गांधी उठायला लागल्या. ओठ सुजले, डोळ्यांच्या पापण्या सुजल्या, आणि रडण्याचा आवाज बसला. ते रडणं अजून माझ्या कानात आहे. घोगरं, म्हाताऱ्या माणसासारखं. सुमनवहिनींनी धावत येऊन लेकरू माझ्या हातातून हिसकावून घेतलं. हरणी शांतपणे हार खात होती.

दुधाची गाडी उभीच होती. आम्ही चौघं, सुमनवहिनी, काकू, मनी आणि मी, कॅनच्या मध्ये बसून जालन्याला निघालो. सगळ्या गाडीला दुधाचा वास. वहिनींनी मनीच्या नाकावर पदर धरला होता आणि माझ्याकडे त्या एकदाही बघत नव्हत्या. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना मोजून पाहिलं, पण त्या सगळ्यांना दुधाचाच नैवेद्य लागत होता. कुणाला काय कबूल करावं कळेना.

लेकरांच्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. सलाइन लावलं. थोड्या वेळाने मनीचा आवाज मोकळा झाला आणि ती तिच्या नेहमीच्या आवाजात रडली, तेव्हा आम्ही तिघंही रडलो.

मग डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलं होतं?"

"दूध," मी म्हणालो. "पण एकदम शुद्ध, साहेब. मी स्वतः टेस्टर आहे."

"शुद्ध असू द्या की. तोच तर त्रास आहे," ते म्हणाले. "काही लेकरांच्या शरीराला गायीच्या दुधातलं प्रथिनच सोसत नाही. अ‍ॅलर्जी म्हणतात त्याला. गाय कोणती का असेना. बहुतेक वेळा शेळीचंही चालत नाही. जुलाब, चट्टे, उलटी, कधी आज झालं तसं. बहुतेक मुलं मोठी झाली की त्यातून सुटतात, पण तोपर्यंत एक थेंब नाही, आणि मी सांगितल्याशिवाय देऊन बघायचंही नाही." मग मनीच्या दंडाला चिमटीत धरून ते म्हणाले, "पण पोरीची तब्येत चांगली आहे. म्हणजे मधे दूध बंद केलेलं दिसतंय. कुणी केलं?"

मी म्हणणार होतो की छे, बंद कुठलं, हरणीचं चालू आहे. पण केशरकाकूंनी सुनेकडे बोट दाखवलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळं बाहेर आलं. बाटली काकूंच्या हातात आल्यावर, आपण इतकं उकळून-धुवून देतो तरी लेकराचं पोट बिघडतं, हे काकूंनी चार दिवसांत पाहिलं होतं. म्हणजे सुनेचा दोष नाही. मग सासू-सुनेने मिळून ठरवलं. दूध बंद. सुमनवहिनी मनीला नेटाने अंगावर पाजत राहिल्या. ताप जाऊन ताकद आली तसं त्यांचं दूध परत यायला लागलं होतं. वर मुगाचं पाणी, भाताची पेज, आणि मग मऊ वरणभात. हे सगळं चालू असताना योगायोगाने मी हरणी लावून दिली होती.

"मंग मला सांगितलं का न्हाई, काकू?"

"सांगितलं होतं की तिनं तुला. भर रांगेत. मंग तू तिचं काय केलं?" काकू म्हणाल्या. "म्या म्हणलं, डिग्रीभाऊला गायी बदलू दे. आपण लेकरू सांभाळू."

तरी मला राहवलं नाही. "अन् हरणीचं दूध? रोज यायचं ते?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. "माझ्या चहात. दूध मातर दाट होतं रे. चहा लई झ्याक व्हायचा."

मनी आता बावीस वर्षांची आहे. शाळेत जायच्या वयाला डॉक्टरांनी तिला आपल्यासमोर हळूहळू दूध देऊन पाहिलं आणि ते सोसलं. आता ती दिवसातून चार वेळा चहा पिते. पण ही गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर मला लिहायची गरज पडली नसती.

आम्ही गावात परत आलो तेव्हा गावाने निकाल लावून टाकला होता. वाटी केशरकाकूंच्या घरची होती. म्हणजे सुमनवहिनींनी घासलेली. म्हणजे झालंच. हरणीचं दूध नासणं शक्य नव्हतं. डिग्रीभाऊने फळ्यावर लिहिलं होतं. मी चेअरमनना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "खरं असंल. पण दुधाच्या केंद्रावर बसून दूध बाधतं असं बोलू राह्यला का तू? लोकं काय म्हणतील?" मी म्हणालो, "हो, तेही आहे." आणि गप्प बसलो. फळ्यावरचं ते वाक्य पुसलं, तेही कुणी नसताना. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी गप्प होतो. सुमनवहिनी रोज रांगेत यायच्या, किटली ठेवायच्या, मी वास घ्यायचो, आकडा लिहायचो. त्या काही बोलायच्या नाहीत. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

संक्रांतीला माझी बायको हळदीकुंकवाला जाऊन आली. पदराच्या गाठीतून तिने तिळाचे लाडू काढले आणि ताटलीत ठेवले. एक लाडू बाजूला ठेवला.

"हा कामून बाजूला?" मी विचारलं.

"सुमननं दिला. बायका म्हणल्या, नका खाऊ. सगळ्यांनीच गाठीला बांधून आणले." ती पदर झटकत म्हणाली. "तिनं पाहिलं बांधताना. तरी हसत होती. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणत होती सगळ्यांना. तुम्हीच वास घेतला होता ना बाटलीचा? का दुसऱ्या कुणी?"

मी तो लाडू खाल्ला. चांगला झाला होता. थोडी वेलची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग नेहमीसारखी होती. चेअरमनही दूध घेऊन उभे होते, शेषराव इस्त्रीच्या शर्टात होता. मी एक लांब भाषण मनात तयार केलं होतं. त्यात प्रथिनं होती, अ‍ॅलर्जी होती, विज्ञान होतं. सुमनवहिनींनी किटली ठेवली. मी झाकण उघडलं नाही. उठून उभा राहिलो, आणि भाषणातलं एकही वाक्य आठवेना.

"मंडळी," मी म्हणालो, "मनीला गायीचं दूधच सोसत न्हाई. कोणत्याच गायीचं न्हाई. डॉक्टरांनी सांगितलंय. वैनींनी ते त्यांच्या आधी सांगितलं होतं, इथंच, अन् मी हसलो होतो. हरणीच्या दुधानं ती बरी झाली न्हाई. वैनींनी बरी केली."

शेषराव म्हणाला, "मंग सत्कार?" कुणीतरी त्याला गप्प केलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. लोकांनी मला मोठ्या मनाचा म्हटलं असतं. पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या, त्या सत्काराच्या दिवसानंतर पहिल्यांदाच, आणि त्यांना काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. ते त्यांना आणि मला दोघांनाच माहीत होतं.

"अन् वैनी, त्या दिवशी मी तुमच्या बाटलीचा वास घेतला," मी म्हणालो. "माझं नाक कधी चुकत न्हाई. त्या दिवशी बी चुकलं नव्हतं. बाटलीला कशाचाच वास नव्हता, नुसत्या उकळलेल्या पाण्याचा होता. इतकं स्वच्छ भांडं या केंद्रावर मी पाहिलं नव्हतं. तुमच्या बोलण्यावर रांग मला हसली म्हणून मी खोटं बोललो. चुकलं माझं. मला माफ करा."

सुमनवहिनींनी किटलीचं झाकण स्वतः उघडलं आणि किटली माझ्यापुढे सरकवली.

"घ्या, भाऊ, वास," त्या म्हणाल्या. "अन् आता मोठ्यानं सांगा."

मी वास घेतला, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.